घरच्यांना आपण जिवंत असल्याचं कळावं म्हणून तो पट न बघता ४५ जणांशी खेळला

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बटुमीमध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबतच ती ग्रँडमास्टर झाली. नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे तिच्या आधीच ग्रँडमास्टर झाले होते. साहजिकच शहरातल्या बऱ्याच पोरांना आता बुद्धिबळाचं वेड आहे. या पोरांच्या कानावर एक नाव लवकरच पडतं, ते म्हणजे सिसिलियन नायडॉर्फ.

हा नायडॉर्फ कोण?

मिगेल नायडॉर्फचा जन्म १५ एप्रिल १९१० चा. पोलंडमध्ये वॉर्साजवळ ग्रोजिस्क नावाचं गाव आहे, तिथल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा. पुढं सावेली टार्टाकॉवरसारखा मोठा खेळाडू त्याला गुरू म्हणून मिळाला. तरुणपणीच त्यानं ग्लुक्सबर्ग नावाच्या खेळाडूविरुद्ध आपले दोन्ही घोडे आणि दोन्ही उंट बळी दिले आणि तरी मात केली. हा डाव आजही 'पोलिश इम्मॉर्टल' म्हणून दाखवला जातो.

सगळं फिरलं ते १९३९ साली.

ऑगस्टमध्ये अर्जेंटिनातल्या ब्यूनस आयर्सला ऑलिंपियाड सुरू झालं. नायडॉर्फ पोलंडच्या संघातून दुसऱ्या पटावर खेळत होता. स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला. पोलंड आणि जर्मनी यांचा सामना न खेळताच २-२ असा बरोबरीत सोडवण्यात आला. शेवटी जर्मनी पहिला आला आणि अवघ्या अर्ध्या गुणानं मागं राहिलेला पोलंड दुसरा.

स्पर्धा संपली, पण परत जायचं कुठं? ज्यू असल्यामुळं पोलंडला परतणं म्हणजे मरणाच्या दारात जाणं होतं. नायडॉर्फ अर्जेंटिनात थांबला. आई-वडील, भाऊ, पत्नी आणि लहान मुलगी मात्र तिकडंच अडकली.

पत्रं पोहोचत नव्हती. मग त्यानं वेगळा मार्ग शोधला. आपण असा काही पराक्रम करायचा की त्याची बातमी जगभरच्या पेपरात छापून येईल. घरचं कुणी ती वाचली, तर आपण जिवंत आहोत आणि कुठं आहोत हे त्यांना कळेल.

१९४३ साली रोसारियो शहरात तो पट न बघता एकाच वेळी ४० जणांशी खेळला. समोरचा चाल सांगणार, यानं ती डोक्यात ठेवायची आणि तोंडानंच उत्तर द्यायचं. जानेवारी १९४७ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये त्यानं हा आकडा ४५ वर नेला. जवळपास चोवीस तास खेळ चालला. ३९ डाव जिंकले, ४ बरोबरीत सुटले आणि फक्त २ हरला. २०११ साली जर्मनीच्या मार्क लांगनं ४६ पटांवर खेळून त्याला मागं टाकलं.

बातमी जगभर गेली. पण ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. पत्नी, मुलगी, आई-वडील, भाऊ, सगळे नाझींच्या कत्तलीत मारले गेले होते.

नायडॉर्फ तोवर अर्जेंटिनाचा नागरिक झाला होता. तिथं त्यानं पुन्हा संसार थाटला, दोन मुली झाल्या. विम्याच्या धंद्यात चांगला पैसा कमावला. खेळही सुटला नाही. १९४६ साली ग्रोनिंगेनमध्ये त्यानं पुढं विश्वविजेता झालेल्या बोट्विनिकला हरवलं. १९५० मध्ये फिडेनं पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले, त्या २७ जणांत नायडॉर्फ होता. १९७० साली साठीला टेकला असताना 'सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग' या लढतीत त्यानं मिखाईल तालला २-२ असं बरोबरीत रोखलं.

आता त्याच्या नावाच्या चालीबद्दल. सिसिलियन बचावात पाचव्या चालीला काळा आपलं वजिराच्या बाजूचं कडेचं प्यादं फक्त एक घर पुढं सरकवतो, ए६. दिसायला साधी चाल, पण तिच्यामुळं पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला बी५ वर येणं अवघड होतं आणि काळ्याला वजिराच्या बाजूनं हालचाल करायला मोकळीक मिळते. ही चाल आधीही खेळली गेली होती, पण नायडॉर्फनं तिला वजन मिळवून दिलं. बॉबी फिशर आणि गॅरी कास्पारोव्ह यांचं हे आवडतं हत्यार होतं.

४ जुलै १९९७ ला स्पेनमधल्या मालागा इथं वयाच्या ८७ व्या वर्षी नायडॉर्फ गेला. घरच्यांच्या कानावर पडावं म्हणून त्यानं जे नाव गाजवलं, ते त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचलं नाही. पण आज नागपुरातलं एखादं पोरगं ए६ खेळतं, तेव्हा तेच नाव घेतलं जातं.