ग्रंथपाल दिन विशेष : पुस्तकांचा पत्ता लावून देणारे गणिताचे मास्तर डॉ. रंगनाथन

बुलढाणा : आपल्याकडं कोणी पऱ्हाटी म्हणतं, कोणी कपाशी, अन् पुस्तकात कापूस लिहिलेलं असतं. तिच्यावरच्या अळीला कोणी गुलाबी बोंडअळी म्हणतं, कोणी शेंदरी. पीक तेच, अळीही तीच. पण वाचनालयाच्या यादीत किंवा मोबाईलवर एकच नाव टाकून शोधलं, तर दुसऱ्या नावानं लिहिलेली माहिती हाती लागत नाही. असली अडचण सोडवण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, ते डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. त्यांची जयंती १२ ऑगस्टला देशभर ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. वाचनालयात त्यांच्या फोटोला हार घातला जातो, पण त्यांनी नेमकं काय केलं हे फार जणांना ठाऊक नसतं.

नोकरी सोडायला निघाले होते

रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा, तमिळनाडूतल्या शियाळी गावचा. वडील लहानपणीच गेले. गणितात शिक्षण घेऊन ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा या कामाचं कसलंही शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. थोड्याच दिवसांत ते कंटाळले आणि परत शिकवायला घ्या म्हणून कॉलेजात गेले. आधी लंडनला जाऊन ग्रंथालयाचं शिक्षण घ्या, तरी मन रमलं नाही तर परत या, असं त्यांना सांगण्यात आलं.

लंडनमध्ये त्यांनी अनेक ग्रंथालयं पायाखाली घातली. तिथं एका दुकानात त्यांना मेकॅनोचा खेळ दिसला. त्याच पट्ट्या, तीच चाकं, तेच स्क्रू. पण जोडणी बदलली की खेळणं बदलतं. विषयाचेही असेच तुकडे पाडून लागतील तसे जोडता येतील, हे त्यांच्या लक्षात आलं. १९२५ मध्ये ते मायदेशी परतले. पुन्हा गणित शिकवायला मात्र गेले नाहीत.

पीक, कीड, उपाय, जागा, साल

१९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. विषयाचे तुकडे जोडायला त्यांनी कोलन, म्हणजे दोन टिंबांचं चिन्ह वापरलं, म्हणून हे नाव. आपल्या भाषेत सांगायचं तर, विदर्भातल्या कपाशीवरील बोंडअळीच्या बंदोबस्ताचं पुस्तक असेल, तर त्यात पीक कोणतं, कीड कोणती, उपाय काय, जागा कुठली आणि साल कोणतं, हे वेगवेगळं काढून ठरलेल्या क्रमानं मांडायचं.

त्यावरूनच त्यांनी विषयसूचीची साखळी पद्धत काढली. शोधणारा बोंडअळीपासून सुरुवात करो, कापसापासून करो की शेतीपासून, साखळीची कडी धरून तो त्याच पुस्तकाशी पोहोचला पाहिजे. अनेक नावांतून एक नाव पक्कं करायचं आणि बाकीच्या नावांवरून तिकडं वाट दाखवायची, ही रीत ग्रंथालयांत आधीपासून होती. रंगनाथन यांनी तिला गणिताची शिस्त लावली. १९५० पासून सुमारे वीस वर्षं ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीनं हीच साखळी पद्धत वापरली.

बैलगाडीवरचं वाचनालय

हे काम त्यांनी फक्त विद्वानांसाठी केलं नाही. पुस्तक वापरासाठी असतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि त्याचा वेळ वाचावा, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांचं सार. त्याच वर्षी त्यांच्या प्रोत्साहनानं मन्नारगुडी भागात बैलगाडीवरचं फिरतं वाचनालय खेड्यांत जाऊ लागलं. गावोगावी सरकारी मदतीनं वाचनालय असावं, यासाठी कायदा व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं झटले. मद्रास राज्यात तो १९४८ मध्ये झाला, महाराष्ट्रात १९६७ मध्ये.

बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण जवळपास एकट्यानं केलं. पुढं दिल्ली विद्यापीठात शिकवलं. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला दिले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरूत त्यांचं निधन झालं.

त्यांची पद्धत सगळीकडं रुजली असं नाही. तिच्या खुणा अवघड वाटतात, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत अमेरिकेची ड्युई दशांश पद्धतच चालते. पण त्यांचा विचार टिकला. आज विद्यापीठांचे प्रबंध आणि शेतीचं संशोधन संगणकावर शोधताना ठरलेल्या विषय-शब्दांचा मोठा आधार असतो.

म्हणून शेतकऱ्यानं किंवा विद्यार्थ्यानं एका शब्दावर माहिती मिळाली नाही की लगेच हार मानू नये. पऱ्हाटीवर नाही मिळालं तर कापूस टाकावं, शेंदरीवर नाही तर गुलाबी. एक चांगला लेख सापडला की त्याच्याखाली दिलेले विषय-शब्द उतरवून घ्यावेत आणि तेच टाकून पुन्हा शोधावं. तरीही अडलं, तर गावच्या ग्रंथपालाला विचारावं. वाचकाला वाट दाखवणं हेच ग्रंथपालाचं खरं काम, असं रंगनाथन मानत.