आरेच्या बाटलीमागचा माणूस

परवा इथे एडिसनला ओक ट्री रोडवरून अमूलचं ताजं दूध आणलं. मुंबईला फोन केला तेव्हा कौतुकाने आईला सांगितलं. तिने मात्र आधी विचारलं, तिकडे आरेचं मिळतं का! आमचं लहानपण आरेच्या बाटलीवर गेलं. पहाटेची रांग, हातात कार्ड आणि धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. पण ती बाटली दारात आणणारा माणूस कोण, हे मला पन्नाशीत कळलं.

त्यांचं नाव दारा खुरोडी. पारशी कुटुंबातले, जन्म १९०६ चा, महूचा. दुग्धशास्त्र शिकून ते सरकारी नोकरीत आले आणि पुढे मुंबईचे दूध आयुक्त झाले. तेव्हा मुंबईत ठिकठिकाणी तबेले होते. घाण, रोगराई आणि दुधात पाणी, हे रोजचंच. खुरोडींनी म्हशी शहराबाहेर न्यायचं ठरवलं. १९४९ मध्ये गोरेगावला तीन हजारांहून अधिक एकरांवर आरे वसाहत उभी राहिली. गोठे, कुरणं, झाडी आणि दूध निर्जंतुक करणारी डेअरी. १९५१ मध्ये खुद्द पंडित नेहरू उद्घाटनाला आले.

त्यांचं मोठं काम म्हणजे टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर. त्यात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळली की स्निग्धांश कमी होतो, प्रथिनं टिकतात आणि तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात. भावही कमी. गिरणगावातल्या मुलांच्या कपात दूध पडलं ते त्यामुळे.

यावर टीकाही झाली. परदेशी पावडर येते आणि हिवाळ्यात आणंदच्या शेतकऱ्याचं जास्तीचं दूध मात्र नाकारलं जातं, असा कुरियन यांचा आक्षेप होता. तो चुकीचा नव्हता. खुरोडी बघत होते शहरातल्या गिऱ्हाइकाकडे, कुरियन गावातल्या शेतकऱ्याकडे. गंमत म्हणजे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून! खुरोडी १९८३ मध्ये गेले.

पुढे सहकारी ब्रँड वाढले, सरकारी आरे मागे पडलं. ओळख उरली ती जंगलाची आणि मेट्रो कारशेडच्या वादाची. जुन्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत मला. रांगेत उभं राहून आईचे पाय दुखायचे, आणि उशीर झाला तर दूध संपलेलं असायचं. तरी आम्हा तिघा भावंडांना रोज एक कप मिळाला, भेसळीची भीती न बाळगता. तो हिशोब कुणीतरी आधी कागदावर मांडला होता.

इथल्या फ्रिजमध्ये दोन टक्क्यांचं दूध दिसलं की आता खुरोडी आठवतात. तुमच्या घरी आरेचं जुनं कार्ड असेल, तर टाकू नका हं. नातवंडांना दाखवा.

— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी