रॉबर्ट बेकवेल (पशुपैदासकार)

रॉबर्ट बेकवेल (२३ मे १७२५ – १ ऑक्टोबर १७९५) हे इंग्लंडमधील शेतकरी व पशुपैदासकार होते. नर व मादी जनावरांची हेतुपूर्वक निवड करून पाळीव पशूंचे वाण सुधारण्याची पद्धत त्यांनी शिस्तबद्धपणे व मोठ्या प्रमाणावर राबवली. न्यू लेस्टर मेंढी आणि सुधारित लाँगहॉर्न गाय या वाणांसाठी ते ओळखले जातात. अठराव्या शतकातील ब्रिटिश कृषिक्रांतीच्या प्रमुख प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जीवन

बेकवेल यांचा जन्म लेस्टरशायर परगण्यातील लाफबरो गावाजवळच्या डिशली येथे झाला. त्यांचे घराणे तेथील सुमारे ४४० एकर जमीन कुळाने कसत असे. तरुणपणी त्यांनी इंग्लंडमध्ये व युरोपात प्रवास करून निरनिराळ्या भागांतील शेतीच्या पद्धती पाहिल्या. १७६० च्या सुमारास शेताचा कारभार त्यांच्याकडे आला. त्यांनी कुरणांना पाट काढून पाणी दिले व गवताचे उत्पन्न वाढवले. त्यामुळे त्याच जमिनीवर अधिक जनावरे पोसणे शक्य झाले. जनावरांना मारहाण न करता शांतपणे हाताळण्याविषयी ते आग्रही होते. ते अविवाहित होते व त्यांच्या बहिणीने घराची व्यवस्था पाहिली.

पैदाशीची पद्धत

त्या काळी बहुतेक ठिकाणी नर व माद्या सामायिक कुरणांत एकत्र चरत. मादी माजावर आली की जवळ असलेल्या कोणत्याही नराशी तिचा संयोग होई. त्यामुळे पिल्लाचा पिता कोण, हे पुष्कळदा निश्चित सांगता येत नसे. बेकवेल यांनी नर व माद्या वेगळ्या ठेवल्या आणि निवडलेल्या मादीला निवडलेलाच नर दाखवण्याची प्रथा पाळली. पैदाशीसाठी राखलेल्या बैलाला वळू व मेंढ्याला एडका म्हणतात. पैदाशीला अयोग्य ठरलेले नर खच्ची केले जात किंवा मांसासाठी विकले जात.

त्यांच्या पद्धतीचा दुसरा आधार अंतःप्रजनन हा होता. जवळचे नाते असलेल्या जनावरांचा, उदाहरणार्थ पिता व कन्या किंवा भाऊ व बहीण यांचा, संयोग घडवणे म्हणजे अंतःप्रजनन होय. दोन वेगळ्या वाणांच्या संयोगाला संकर म्हणतात. संकरातून नवे गुण कळपात येतात, तर अंतःप्रजननातून असलेले गुण पुढील पिढ्यांत स्थिर होतात. मात्र जवळच्या नात्यातील जनावरांत सदोष जनुकेही सारखीच असण्याचा संभव असतो. त्यामुळे दडलेले दोष संततीत प्रकट होतात व प्रजननक्षमता घटते. बेकवेल यांच्या हयातीत आनुवंशिकतेचे नियम कोणालाही माहीत नव्हते. मेंडेल यांचा शोधनिबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला. बेकवेल यांना निरीक्षण व कठोर निवड यांवरच अवलंबून राहावे लागले. शरीररचनेची पिढ्यांनुसार तुलना करता यावी म्हणून ते निवडक जनावरांचे सांगाडे व खारवलेले मांसखंड जपून ठेवीत.

न्यू लेस्टर मेंढी

बेकवेल यांच्यापूर्वी त्या भागात मेंढ्या मुख्यत्वे लोकरीसाठी पाळल्या जात. शहरांतील वाढत्या कामकरी वर्गाला स्वस्त मांस लागेल, हे ओळखून त्यांनी मांसाला प्राधान्य दिले. त्यांच्या न्यू लेस्टर मेंढीची हाडे बारीक व अंग गोलसर होते. जुन्या वाणांच्या मानाने ती बरीच लवकर, सुमारे दोन वर्षांत, विक्रीयोग्य होई.

उत्तम एडके विकण्याऐवजी ते एका हंगामासाठी भाड्याने देत. आरंभी हे भाडे एका गिनीपेक्षाही (२१ शिलिंग) कमी होते. पुढे नामांकित एडक्यांसाठी शेकडो गिनी मोजल्या जाऊ लागल्या. या व्यवहाराचा शास्त्रीय लाभही होता. एकाच एडक्याची संतती अनेकांच्या कळपांत पाहायला मिळे आणि ज्याची पिल्ले सरस निघत तो एडका पुढील हंगामी स्वतःच्या कळपासाठी राखता येई. नराची पारख त्याच्या रूपावरून न करता संततीवरून करण्याच्या या रीतीला आज संततिपरीक्षण म्हणतात. अखेरच्या वर्षांत भाडेदर टिकवण्यासाठी पैदासकारांनी डिशली सोसायटी ही संघटना स्थापन केली.

गाई व घोडे

लाँगहॉर्न गाईंमध्येही त्यांनी मांस व चरबी वाढवण्यावर भर दिला. ट्वोपेनी हा त्यांचा वळू विशेष प्रसिद्ध होता. मात्र या निवडीत गाईंचे दूध व प्रजननक्षमता कमी झाली. दूध व मांस दोन्ही देणाऱ्या शॉर्टहॉर्न वाणापुढे लाँगहॉर्न मागे पडली. ओढकामाचे काळे घोडे सुधारण्यासाठी त्यांनी हॉलंडमधून घोड्या आणवल्या. या घोड्यांचा पुढे शायर वाणाच्या घडणीत वाटा राहिला.

टीका

बेकवेल यांनी आपल्या पद्धतीविषयी ग्रंथ लिहिला नाही व पैदाशीच्या नोंदी खुल्या केल्या नाहीत. मांसासाठी विकलेल्या मेंढ्यांचा पैदाशीसाठी उपयोग होऊ नये म्हणून ते त्यांना मुद्दाम यकृतरोग जडेल अशा पाणथळ कुरणात चारत, असे त्या काळच्या लेखनात सांगितले आहे. न्यू लेस्टरचे मांस फार चरबीयुक्त असल्याची तक्रारही होती. प्रयोगांचा व पाहुण्यांच्या सरबराईचा खर्च मोठा असल्याने त्यांची आर्थिक स्थिती डळमळीत राहिली. १७७६ मध्ये त्यांचे नाव दिवाळखोरांत नोंदले गेले. यातून सावरून त्यांनी काम चालू ठेवले. डिशली येथेच त्यांचे निधन झाले व तेथील चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

प्रभाव

जॉर्ज व मॅथ्यू कली या बंधूंनी न्यू लेस्टर मेंढ्या नॉर्थम्बरलंडमध्ये नेल्या. त्यांतून पुढे बॉर्डर लेस्टर हे वाण तयार झाले. चार्ल्स व रॉबर्ट कॉलिंग या बंधूंनी त्यांची पद्धत शॉर्टहॉर्न गाईंना लावली. चार्ल्स यांचा कॉमेट हा अंतःप्रजननातून जन्मलेला वळू १८१० मध्ये १००० गिनींना विकला गेला. १८२२ मध्ये शॉर्टहॉर्नची वंशावळ-नोंदवही प्रसिद्ध झाली. बेकवेल यांनी गुप्त ठेवलेली माहिती अशा नोंदवह्यांमुळे सर्वांना खुली होऊ लागली.

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात बेकवेल यांच्या मेंढ्यांचा दाखला दिला आहे. एकाच मूळ कळपातून निघालेले दोन कळप पन्नासहून अधिक वर्षे वेगळे राखले गेल्यावर इतके भिन्न दिसू लागले की ते निराळे वाण वाटावेत, असे त्यांनी नोंदवले. मानवाने केलेली निवड सजीवांत किती बदल घडवू शकते, याचे ते उदाहरण होते.

बेकवेल यांची मूळ लाँगहॉर्न व लेस्टर वाणे आज अल्पसंख्य झाली आहेत. त्यांची पारखीची रीत मात्र टिकून आहे. कृत्रिम रेतनासाठी वळू निवडताना आजही त्याच्या कालवडी पुढे किती दूध देतात, हे पाहिले जाते.