पॅप टेस्ट शोधणारे पापानिकोलाऊ, आणि त्यांच्या मागे लॅबला शिस्त लावणारा कायदा

गायनॅकॉलॉजिस्टकडे गेल्यावर पॅप टेस्टचं नाव अनेकींनी ऐकलेलं असतं. गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी काचेच्या स्लाइडवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली तपासायच्या. कॅन्सर होण्याआधीच पेशींमधले बदल यात दिसू शकतात. टेस्टच्या नावातलं ‘पॅप’ म्हणजे ती शोधणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ.

त्यांचा जन्म १८८३ चा, ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरचा. वडील डॉक्टर होते. जॉर्जनीही अथेन्समध्ये डॉक्टरकी पूर्ण केली, पण त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. १९१० मध्ये त्यांनी जर्मनीतल्या म्युनिकमधून पीएचडी मिळवली. १९१३ मध्ये ते पत्नी मेरीसोबत न्यूयॉर्कला आले तेव्हा खिशात फारसे पैसे नव्हते. डॉक्टर असलेला हा माणूस सुरुवातीला दुकानात गालिचे विकायचा, तर मेरी बटणं शिवायच्या.

१९१४ मध्ये कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये काम मिळालं. संशोधनासाठी त्यांना गिनीपिगच्या मासिक चक्राचा नेमका टप्पा ओळखायचा होता. प्राणी न मारता हे कसं कळणार? त्यांनी नाक तपासायचं छोटं उपकरण वापरून योनीमार्गातल्या पेशी घेतल्या आणि चक्रानुसार पेशी बदलतात हे १९१७ मध्ये मांडलं. मग हीच पद्धत माणसांवर वापरायची ठरली. मेरी अनेक वर्षं स्वतःचे नमुने देत राहिल्या. नवऱ्याची लॅबही त्याच सांभाळायच्या.

पुढे कॅन्सर असलेल्या स्त्रियांच्या स्लाइडमध्ये त्यांना कॅन्सरच्या पेशी दिसल्या. १९२८ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. थेट तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशी कशाला बघायच्या, असा डॉक्टरांचा सवाल होता. शेवटी डॉ. हर्बर्ट ट्रॉट यांच्यासोबत पुन्हा काम करून १९४३ मध्ये त्यांनी पुस्तक काढलं आणि मग टेस्ट अमेरिकाभर पसरली. तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू पुढच्या दशकांत निम्म्याहून जास्त घटले. पापानिकोलाऊंना १९५० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल मात्र कधीच नाही. १९६२ मध्ये मायामीत त्यांचं निधन झालं.

पण खरी अडचण पुढे आली

ही टेस्ट मशीन आकडा देतं तशी नव्हती. प्रत्येक स्लाइडवर हजारो पेशी असतात, त्यातल्या मोजक्याच बिघडलेल्या असू शकतात, आणि त्या शोधायच्या माणसाच्या डोळ्यांनी. डोळे थकले की चूक होते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये विचित्र आकडा आला तर डॉक्टर टेस्ट पुन्हा करायला सांगतात. इथे चुकून ‘नॉर्मल’ लिहिलं गेलं तर कुणाला शंकाही येत नाही. बाई निश्चिंत होऊन घरी जाते आणि आजार वाढत राहतो.

अमेरिकेत लॅबसाठी १९६७ चा कायदा होता, पण अनेक छोट्या लॅब त्याच्या बाहेर होत्या. १९८७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलचे पत्रकार वॉल्ट बोगडानिच यांनी ‘पॅप मिल’ उघड केल्या. या लॅबमध्ये स्लाइडमागे पैसे मिळायचे. जितक्या जास्त स्लाइड, तितकी जास्त कमाई. साहजिकच घाईघाईत तपासणी व्हायची आणि कॅन्सर नजरेतून सुटायचा. या बातम्यांना पुलित्झर मिळालं आणि १९८८ मध्ये संसदेने नवा कायदा केला. माणसांचे नमुने तपासून निदान करणाऱ्या जवळपास सगळ्या लॅब त्याखाली आल्या.

त्यातून आलेले पॅप टेस्टचे नियम असे:

• एका व्यक्तीने २४ तासांत जास्तीत जास्त १०० स्लाइड तपासायच्या.
• नॉर्मल ठरलेल्यांपैकी किमान १० टक्के स्लाइड पुन्हा तपासायच्या.
• गंभीर बदल सापडला, तर त्या रुग्णाच्या मागच्या ५ वर्षांतल्या नॉर्मल स्लाइड काढून बघायच्या.
• जुनी चूक सापडली आणि तिचा उपचारावर परिणाम होणार असेल, तर दुरुस्त रिपोर्ट द्यायचा.
• स्लाइड वाचणाऱ्यांची स्वतःची परीक्षा. ही देशभर सुरू व्हायला मात्र २००५ उजाडलं.

रिपोर्टची भाषाही बदलली. पापानिकोलाऊंनी निकालाचे १ ते ५ असे वर्ग केले होते, पण प्रत्येक लॅब त्याचा आपापला अर्थ लावू लागली होती. १९८८ मध्येच ‘बेथेस्डा’ पद्धत आली. नुसत्या आकड्याऐवजी काय दिसलं ते ठरलेल्या शब्दांत लिहायचं, आणि नमुना तपासण्यालायक होता का हेही नोंदवायचं.

म्हणून पुढच्या वेळी पॅप टेस्टचा रिपोर्ट हातात आला की थेट ‘नॉर्मल’ शब्दावर जाऊ नका. नमुना पुरेसा होता का, ती ओळ आधी बघा. अपुरा असेल तर ‘काही सापडलं नाही’ याला अर्थ उरत नाही, टेस्ट पुन्हा करावी लागते.