कोसंबींचा रिफ्रेशर कोर्स

रिफ्रेशर कोर्सचं पत्र आलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. आता या वयात काय शिकायचं? मग धर्मानंद कोसंबी आठवतात.

१८७६ साली गोव्यातल्या साखवाळला जन्म. शालेय शिक्षण जेमतेम. बुद्धाच्या ध्यासाने १८९९ मध्ये घर सोडलं. काशीत संस्कृत, श्रीलंकेत पाली शिकले. त्या शिक्षणाची किंमत तान्ह्या मुलीसह मागे राहिलेल्या बालाबाईंनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांचे महिना ५० रुपये पत्करले, ते मराठी माणसांत काम करता यावं म्हणून. हार्वर्डला जाऊन आले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. शिकणं मात्र थांबलं नाही.

माझा कोर्स दोनच आठवड्यांचा, रजाही भरपगारी. यंदा कुरकुर न करता जाणार.