मिलमचे गुरुजी : पंडित नैनसिंह रावत



परीक्षा संपत आली की वर्गात एकच विषय चालतो, सुट्टीत कोण कुठे जाणार! मागच्या वर्षी मी माझ्या चौथीच्या मुलांना एक उपक्रम दिला. भारतातलं असं एक गाव शोधा जिथे हिमनदी आहे, आणि तिथे जायचं कसं याचा आराखडा कागदावर तयार करा. मुलांची बोटं नकाशावर वर वर सरकत उत्तराखंडात गेली आणि मिलम या गावावर थांबली. मग सामानाची यादी सुरू झाली. पहिल्या यादीत मोबाईलचा चार्जर, वेफर्स आणि गॉगल होता!

तेव्हा मी मुलांना याच मिलम गावातल्या एका शिक्षकाची गोष्ट सांगितली. ती ऐकल्यावर मुलांनी आपली यादी स्वतःहून खोडली आणि नव्याने लिहिली. तीच गोष्ट आज तुमच्यासाठी. तुम्हाला कधी मिलमला जायचं असेल तर ही वाचूनच निघा.

मिलम आहे कुठे?

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यात जोहार नावाचे खोरे आहे. या खोऱ्यातून गोरीगंगा नदी वाहते. ती जिथून निघते ती मिलम हिमनदी. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे साठलेल्या बर्फाचा प्रचंड थर, जो स्वतःच्या वजनाने अगदी हळूहळू उताराकडे सरकत असतो. मिलम हिमनदी सुमारे १६ किलोमीटर लांब आहे. तिच्या खालच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर मिलम गाव आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी मिलम थोडे वरच राहील!

इथे राहणारे लोक शौका या नावाने ओळखले जातात. त्यांनाच भोटिया असेही म्हणत. उन्हाळ्यात ते मिलममध्ये राहत आणि थंडी सुरू झाली की जनावरांसह खालच्या गावात उतरत. त्यांचा मुख्य व्यवसाय तिबेटशी व्यापार. इकडून धान्य, कापड, गूळ घेऊन जायचे आणि तिकडून मीठ, लोकर, टाकणखार आणायचा. सामान वाहायला मेंढ्या आणि बकऱ्या! प्रत्येकीच्या पाठीवर छोट्या पिशव्या बांधायच्या आणि उंच खिंड ओलांडायची.

शाळेतले गुरुजी

अशा या जोहार खोऱ्यात २१ ऑक्टोबर १८३० रोजी नैनसिंह रावत यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव अमरसिंह. घरची परिस्थिती बेताचीच होती. वडिलांबरोबर व्यापाराच्या निमित्ताने ते तिबेटात जात. त्यामुळे तिथली भाषा, चालीरीती, खिंडी, हवा हे सगळं त्यांना लहान वयातच कळलं. हे कुठल्या पुस्तकात नव्हते बरं का, पायांनी शिकलेले होते.

१८५५ ते १८५७ या काळात श्लागिंटवाइट हे जर्मन संशोधक बंधू हिमालयात फिरत होते. तरुण नैनसिंह त्यांच्याबरोबर गेले आणि तिथे मोजमापाच्या उपकरणांशी त्यांची पहिली ओळख झाली. पुढे ते आपल्याच मिलम गावच्या शाळेत शिक्षक झाले. शिक्षक म्हणून लोक त्यांना पंडित म्हणू लागले. हीच पदवी पुढे जगभर गाजणार होती, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते.

दोन वर्षांची तयारी

आता थोडं मागे जाऊ. भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झाली होती. ती सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे काम करता करताच वारले. काम मात्र थांबले नाही. ते उत्तरेकडे सरकत हिमालयापर्यंत पोहोचले. पण हिमालयापलीकडचा तिबेट नकाशावर जवळजवळ कोराच होता. तिथे परदेशी माणसांना प्रवेश बंद होता. पकडले गेले तर जिवाशी गाठ!

या खात्यातले अधिकारी कॅप्टन माँटगोमेरी यांच्या लक्षात आले की सीमेवरचे भारतीय व्यापारी आणि यात्रेकरू मात्र तिबेटात ये-जा करतात. मग मोजणीचे काम त्यांनाच शिकवले तर? १८६३ मध्ये नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह यांची निवड झाली. दोघांना डेहराडूनला आणले गेले.

तिथे सुमारे दोन वर्षे प्रशिक्षण झाले. त्यातला सर्वात अवघड धडा होता चालण्याचा. हसू नका! चढ असो, उतार असो, दगडगोटे असोत, पाऊल नेहमी सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. २,००० पावले झाली की साधारण एक मैल. मोजणी चुकू नये म्हणून हातात जपमाळ. नेहमीच्या माळेत १०८ मणी असतात, यांच्या माळेत १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. म्हणजे पूर्ण माळ फिरली की किती पावले? बरोबर, १०,०००. बघणाऱ्याला वाटे, हा भाविक नामस्मरण करत चालला आहे.

बौद्ध यात्रेकरूंच्या हातात प्रार्थनाचक्र असते. त्याच्या आत मंत्र लिहिलेली गुंडाळी असते. नैनसिंहांच्या चक्रात कोरे कागद होते, त्यावर ते रोजच्या नोंदी लिहीत. काठीत तापमापी लपवलेली होती. पेटीच्या चोरकप्प्यात सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारे सेक्स्टंट होते. त्यासाठी क्षितिज दिसावे लागते, पण डोंगरात क्षितिज कुठे दिसणार? म्हणून कवड्यांमध्ये पारा भरून नेला होता. वाडग्यात पारा ओतला की आरशासारखा सपाट पृष्ठभाग तयार होई आणि त्यातल्या प्रतिबिंबावरून मोजमाप करता येई.

उंची कशी मोजायची? पाणी उकळून! समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. जसजसे वर जाऊ तसतसे ते कमी तापमानाला उकळते. मिलमच्या उंचीवर ते साधारण ८९ अंशांच्या आसपासच उकळू लागते. उकळणाऱ्या पाण्याचे तापमान मोजले की उंचीचा अंदाज येतो. विज्ञानाच्या पुस्तकातला हा मुद्दा त्यांनी चुलीवर वापरला.

ल्हासाची वाट

१८६५ च्या सुरुवातीला दोघे भाऊ निघाले आणि नेपाळला पोहोचले. तिबेटच्या सीमेवर क्यिरोंगला त्यांना अडवले गेले. सामानाची झडती झाली, पण उपकरणे सापडली नाहीत. तरीही परत फिरावे लागले. मणिसिंह माघारी गेले. नैनसिंह मात्र वेश बदलून, लडाखी व्यापारी बनून पुन्हा निघाले. यावेळी सीमा ओलांडली. पण त्यासाठी आपण ल्हासाला जाणार नाही, गेलो तर प्राण गमवायला तयार आहोत, असे त्यांना लिहून द्यावे लागले होते. आणि जायचे तर होते ल्हासालाच!

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. तिथे ते जवळपास तीन महिने राहिले. जवळचे पैसे संपत आले. मग त्यांनी काय केले असेल? त्यांनी तिथल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशोब शिकवायला सुरुवात केली! शिक्षकाला शेवटी शिकवणेच उपयोगी पडले, हे वाचून मला फार आनंद झाला होता.

पण भीती रोजची होती. मूळचे काश्मीरचे असलेल्या दोन मुस्लिम व्यापाऱ्यांनी त्यांना ओळखले. त्यांनी तोंड उघडले असते तर सगळं संपलंच असतं. पण त्या दोघांनी गुपित तर राखलेच, वर घड्याळ तारण ठेवून पैसेही दिले. याच शहरात विनापरवाना आलेल्या एका चिनी माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला नैनसिंहांनी पाहिला. आणि एक दिवस तर क्यिरोंगचा तो अधिकारीच रस्त्यात दिसला. त्यानंतर ते फारसे बाहेर पडले नाहीत आणि काफिला मिळताच परतीला लागले.

परतताना त्सांगपो, म्हणजे पुढे जाऊन आपली ब्रह्मपुत्रा होणाऱ्या नदीच्या बाजूने ते मानसरोवरापर्यंत आले. तिथून हिमालय ओलांडून ऑक्टोबर १८६६ मध्ये डेहराडूनला पोहोचले. सुमारे १,२०० मैलांचा मार्ग मोजला गेला होता. ३१ ठिकाणांचे अक्षांश आणि ३३ ठिकाणांच्या उंची त्यांनी नोंदवल्या. ल्हासाचे स्थान पहिल्यांदाच नकाशावर इतक्या नेमकेपणाने दाखवता आले.

पुढचे प्रवास

१८६७ मध्ये ते पश्चिम तिबेटातल्या ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेले. शेवटचा मोठा प्रवास १८७४ चा. लेहहून निघून, मेंढ्यांच्या पाठीवर सामान लादून, ते उत्तरेकडच्या वाटेने पुन्हा ल्हासाला गेले आणि तिथून तवांगमार्गे १८७५ मध्ये आसामात उतरले. हा प्रवास साधारण १,४०० मैलांचा होता. त्यानंतर त्यांनी नव्या लोकांना तयार करण्याचे काम केले. म्हणजे पुन्हा शिक्षकच!

१८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ही मोजणी इंग्रज सरकारने स्वतःच्या राज्याच्या हितासाठी करून घेतली होती. अहवालात कित्येक वर्षे त्यांचे नाव नव्हते, ते फक्त पंडित होते. सुरक्षेसाठी ते गरजेचेही होते. पण त्यामुळे आपल्या शाळांमध्येही हे नाव फारसे पोहोचले नाही. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले आणि २०१७ मध्ये गूगलने त्यांच्या जन्मदिनी डूडल केले, तेव्हा कुठे अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकले.

आजचे मिलम

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर तिबेटचा व्यापार बंद झाला आणि मिलमचे जगणेच बदलले. शेकडो घरांचे हे गाव रिकामे होत गेले. आज बरीच घरे पडकी आहेत. छप्पर नाही, पण दाराच्या लाकडी चौकटीवरचे कोरीवकाम शिल्लक आहे. काही कुटुंबे उन्हाळ्यात येतात, शेती करतात आणि थंडीआधी उतरतात. हिमनदीही मागे हटत चालली आहे. नैनसिंहांच्या लहानपणी बर्फाचे टोक जिथे होते तिथे आज दगडमाती आहे. म्हणजे आपण तिथे जाऊ तेव्हा फक्त सुंदर देखावा पाहायला जाणार नाही. एक गाव आणि एक हिमनदी, दोघेही आक्रसताना पाहणार आहोत.

आपल्याला जायचे असेल तर

आमच्या वर्गाचा दुसरा आराखडा असा झाला :

१. रेल्वेने काठगोदाम. तिथून गाडीने मुनस्यारी. घाटरस्ता खूप मोठा आहे, वाटेत एक मुक्काम ठेवावा.

२. मुनस्यारीत किमान एक पूर्ण दिवस थांबावे. मिलम सीमेजवळ असल्याने प्रशासनाची परवानगी लागते. ओळखपत्र आणि त्याच्या प्रती जवळ ठेवाव्यात.

३. पुढची वाट लीलम, बुगडियार, रीलकोट, बुर्फू अशी. खोऱ्यात रस्त्याचे काम चालू असल्याने गाडी कुठपर्यंत जाते हे मुनस्यारीतच विचारून घ्यावे. चालत जायला तीन-चार दिवस धरावेत.

४. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ बरा. पावसाळ्यात दरडी कोसळतात.

५. उंची हळूहळू वाढवावी. डोकेदुखी, उलटी, धाप लागली तर वर जायचे नाही. वाढलीच तर खाली उतरायचे. यात लाज कसली?

६. वाटाड्या स्थानिकच घ्यावा. औषधे, लोकरीचे कपडे, शिधा आणि दोन दिवस जास्तीचे धरावेत. वर डाळ लवकर शिजत नाही. का, ते आता तुम्हीच सांगा!

७. आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा.

चार्जर यादीत होताच हो, पण तो शेवटून दुसरा! आणि शेवटी एका मुलीने आपल्या आजीची जपमाळ लिहिली होती.

करून पाहा

शाळेच्या मैदानावर टेपने १०० मीटर अंतर आखा. नेहमीच्या चालीने चाला आणि पावले मोजा. तीन वेळा चाला. तिन्ही वेळा आकडा सारखाच आला का? मग घर ते शाळा हे अंतर पावलांनी काढा. शेवटी हिशोब करा : २,००० पावलांचा एक मैल, तर १,२०० मैलांची पावले किती?

उत्तर वहीत लिहाल तेव्हा शून्ये नीट मोजा. आणि मिलमच्या गुरुजींनी त्यातलं एकेक पाऊल खरोखर मोजलं होतं, हे विसरू नका.