शिपाईगडी आणि त्यांची खानावळ



मंदिराचा पूर्वेतिहास आणि जीर्णोद्धाराचा जमाखर्च या स्मरणिकेत जाणकारांनी दिलेलाच आहे. मजकडे एका नामवंत माणसाचे चरित्र लिहिण्याचे काम आले. संतांची चरित्रे आपण कीर्तनातून नेहमी ऐकतो, म्हणून मी एक शिपाईगडी निवडला. आपल्या धामणगाव बढे परिसरातली पोरे फौजेत जातात, पेन्शन घेऊन परत येतात, आणि त्यांतला एखादा स्टँडवर चहा-नाश्त्याचे हॉटेल टाकतो. या मंडळींचा एक वडीलधारा दोनशे वर्षांपूर्वी थेट लंडनात खानावळ थाटून बसला होता. त्यांचे नाव दीन महंमद.

त्यांचा जन्म इ.स. १७५९ चा, पाटण्याचा. वडील कंपनी सरकारच्या फौजेत होते व लढाईतच कामी आले. बाप गेलेला हा पोरगा दहा-अकरा वर्षांचा असताना गॉडफ्री बेकर नावाच्या एका तरुण आयरिश अधिकाऱ्याच्या मागे लागून छावणीत गेला. आईची मुळीच इच्छा नव्हती, पण पोराने ऐकले नाही. पुढे तेरा वर्षे त्याच फौजेत गेली. जमादार झाले, मग सुभेदार झाले. त्याच काळात इंग्रजांचे आपल्या मराठ्यांशी पहिले युद्ध चालू होते, म्हणजे हा माणूस आपल्या विरुद्ध बाजूच्या फौजेतला होता. हे लपविण्याचे कारण नाही. पोटासाठी शिपाईगिरी करणाऱ्याला बाजू निवडता येतेच असे नाही.

१७८२ साली बेकरसाहेबांनी नोकरी सोडली. दीन महंमद यांनीही सोडली, आणि १७८४ मध्ये ते साहेबांबरोबर आयर्लंडातल्या कॉर्क गावी पोचले. तेथे इंग्रजी शिकले. जेन डेली या मुलीशी घरच्यांना न जुमानता लग्न केले. १७९४ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक दोन भागांत छापले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले पहिले पुस्तक ते हेच, असे मानतात. ते छापले कसे, तर आगाऊ वर्गणी गोळा करून. तीनशेहून अधिक वर्गणीदार झाले आणि त्यांच्या नावांची यादी पुस्तकात छापली गेली. आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर जी यादी आहे तीच ही रीत होय.

पुढे ते बायकामुलांसह लंडनला आले. बेसिल कॉक्रेन नावाच्या, हिंदुस्थानात पैसा कमावून परतलेल्या एका धनिकाच्या वाफेच्या स्नानगृहात त्यांनी काही काळ काम केले. आणि १८१० साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी कॉफी हाऊस नावाने स्वतःचे दुकान उघडले. नाव कॉफीचे, पण मुख्य माल जेवणाचा. आपल्याकडच्या मसाल्यांचे रस्से आणि भात. बसायला वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातली चित्रे, आणि जेवण झाल्यावर हुक्का ओढायला वेगळी खोली, तंबाखूही अस्सल चिलमीची. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. लंडनात हिंदी माणसाने चालविलेली पहिली खानावळ म्हणून तिची नोंद आहे. जेवणाचे नाव झाले. पाच वर्षांनंतरच्या एका खाद्यपुस्तिकेतही तिचा उल्लेख आला.

पण धंदा चालला नाही. कारण पाहण्यासारखे आहे. ज्यांना या जेवणाची चटक होती ते कंपनीचे निवृत्त साहेब त्याच भागात राहत, म्हणून तर जागा तेथे घेतली. परंतु त्यांतल्या पुष्कळांच्या घरी हिंदुस्थानातून आणलेले आचारी होतेच! घरी चूल पेटती असताना रोज बाहेर कोण जेवेल? आणि इतरांना ही चव परकी. सजावटीवर, भाड्यावर पैसा गेला तो गेला. १८१२ साली दीन महंमद दिवाळखोर ठरले. दुकान दुसऱ्यांच्या हाती गेले आणि त्याच नावाने पुढे वीसेक वर्षे चालले. ज्याने चूल मांडली त्याला मात्र त्यातला घास मिळाला नाही. माझ्या मते एवढे सोसून माणूस खचलाच असता. पन्नाशी उलटलेली, घरात मुले, आणि नोकर म्हणून काम मिळावे अशी जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची वेळ आली.

तेथून ते समुद्रकाठच्या ब्रायटनला गेले. हाती एकच विद्या उरली होती, चंपीची. औषधी वाफ देऊन अंग मळायचे, सांधे मोकळे करायचे. शाम्पू हा शब्द त्या चंपीवरूनच आला. आज आपण तो बाटलीला लावतो. आरंभी लोकांनी हसण्यावारी नेले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. पण गुण येऊ लागला तशी रीघ लागली. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तेथेच ठेवून जात आणि त्या भिंतींवर मांडलेल्या असत. नवस फेडायला देवापुढे वस्तू वाहतात तसाच हा प्रकार. पुढे चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांकडून त्यांना चंपीवैद्य म्हणून नेमणूक मिळाली. गरिबांकडून ते पैसे घेत नसत, असेही सांगतात.

उतारवयात स्नानगृहही हातचे गेले, आणि २४ फेब्रुवारी १८५१ रोजी ब्रायटनलाच त्यांचे निधन झाले. तेथील सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाय्ज इस्पितळात डॉक्टर झाला. रक्तदाबाच्या विकारावर त्याने केलेले काम आजही वैद्यकात मानले जाते.

नंतर कित्येक वर्षे आजोबांचे नाव कोणाच्या लक्षात नव्हते. २००५ साली वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेने जॉर्ज स्ट्रीटवर खानावळीच्या जागी हिरवी पाटी बसविली. मधल्या काळात घरांचे क्रमांक बदलले, म्हणून त्यांचे ३४ नंबरचे दुकान शोधत गेल्यास सापडणार नाही, पाटी १०२ नंबरवर आहे. गट नंबर बदलला की जुना सातबारा शोधताना काय दमछाक होते हे आम्हा कचेरीतल्या लोकांना विचारा, तेव्हा कोणी लंडनला गेले तर हा नंबर लिहून न्यावा.